खणातलं गाठोडं आणि काचेवरचा बाण

पवनानगर ते कामशेत वडाप करणाऱ्या जीपमध्ये माणूस कुठं आणि कसा बसेल याला काही नेम नाही. कुणी टोपलीवर, कुणी दुसऱ्याच्या मांडीवर, कुणी मागच्या पायरीवर लोंबकळत. रतनच्या जीपमध्येही अशीच गर्दी असायची. फक्त ड्रायव्हरशेजारची पुढची जागा रिकामी असायची. नाटकाला पहिल्या रांगेतली एखादी खुर्ची रुमाल टाकून राखून ठेवावी, तशी. तीन वर्षं झाली होती.

बाजाराला पावट्याच्या शेंगा घेऊन जाणाऱ्या झुंबरबाई मागून ओरडायच्या, "आरं रतन, माजं गुडघं माज्याच हनवटीला लागत्यात, आन् पुढं काय वारा बसलाय व्हय रं?"

"ती सीट मोडलीया मावशी."

"तीन वर्सं मोडलीया? आमचं म्हातारं मोडून पडलं हुतं, त्येला मी तीन म्हैन्यात चालतं क्येलं!"

सगळी जीप हसायची. रतनही हसायचा, तोंडापुरतं, आणि गिअर टाकायचा.

ती जागा चिमाबाईची होती. रतनची बायको. अंगणवाडीत मदतनीस होती. धरणाच्या काठच्या वाड्यांमध्ये पोलिओचा डोस असो, वजन-उंची असो, ग्रामसभा असो, आदल्या दिवशी चिमाबाई या जीपमधून निघायची. टपावर कर्णा बांधलेला, हातात माइक, डोक्यावर पदर. नवरा गाडी हाकतोय आणि ही बोलतेय. बोलणं तरी कसं! "आयांनो, सैपाक मागनं, लेकरू आदी! ए सविता, धाकट्याला कणगीमागं दडवू नगंस, मागल्या टायमाला बी मीच काडला हुता!" कर्ण्यातून निघालेला तो आवाज पाण्यावरून जायचा, पलीकडच्या डोंगराला लागायचा आणि अर्धा होऊन परत यायचा. लोक कामं सोडून उंबऱ्यात उभे राहायचे. मोठमोठ्या नटांना जन्मभर घासून जे मिळत नाही, ते या बाईला जीपच्या खिडकीतून फुकट मिळालं होतं.

तीन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत चिमाबाई गेली. मुलगा प्रितम तळेगावच्या कारखान्यात, त्याचं बिऱ्हाड तिकडंच. रतनचं वय चौसष्ट. घरात तो एकटा.

कर्ण्याचं तोंड एका वादळात फांदी पडून चेपलं होतं, ते भंगारात गेलं. मागचा जड, गोल डबा तेवढा राहिला. मांडववाले त्याला युनिट म्हणतात. आवाज त्याच्यातून निघतो. रतननं तो चिमाबाईच्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि डॅशबोर्डाखालच्या लोखंडी खणात ठेवला. रोज संध्याकाळी ते गाठोडं उचलून घरात न्यायचं, बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिच्या फोटोपुढं ठेवायचं. रोज सकाळी परत खणात. लोणावळ्याचं भाडं असलं आणि दुधिवऱ्याच्या खिंडीत वळणं आली की गाठोडं खणात या कडेवरून त्या कडेला कलंडायचं. मग रतनचा डावा हात आपोआप खाली जायचा आणि ते धरायचा. शेजारी बसलेली बाई वळणावर आपल्या अंगावर पडू नये म्हणून हात आडवा धरावा, तसा.

जानेवारीत अनघा आली.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ती इंजिनीअर होती. पंचविशीची असेल. जुन्या गाड्यांना बसवता येईल असं वाट दाखवणारं यंत्र तिनं केलं होतं. खेड्यापाड्यातल्या जुन्या रुग्णवाहिकांसाठी ते होतं. त्याची परीक्षा घ्यायला तिला जुनी जीप, डोंगर, बोगदा आणि रस्ते तोंडपाठ असलेला ड्रायव्हर हवा होता. स्टँडवरच्या पोरांनी रतनकडं बोट दाखवलं. काम आठ दिवसांचं.

तिनं वहीएवढी काच डॅशबोर्डच्या मधोमध चिकटवली, वायरी जोडल्या, लॅपटॉप मांडीवर घ्यायला म्हणून पुढचं दार उघडलं आणि चिमाबाईच्या जागेवर बसली.

रतनचा "ती सीट मोडलीया" ओठापर्यंत आला होता. पण ती बसून मोकळी झाली होती, आणि सीट काही मोडलेली नव्हती.

"चला आबा," ती म्हणाली.

कितीतरी दिवसांनी त्या बाजूनं "चला" ऐकू आलं होतं. त्याचा क्लच पहिल्यांदा नीट सुटला नाही.

काचेवर निळा रस्ता आणि त्यावर एक बाण. जीप जाईल तिकडं बाणाचं टोक. रतनला त्या बाणाचं मोठं कौतुक वाटलं.

"ताई, ह्येला कसं कळतं आपलं त्वांड कुटं हाय त्ये?"

"सांगते. वर आकाशातल्या उपग्रहांना विचारलं तर आपण कुठं आहोत तेवढं कळतं. एक ठिपका. तोंड कुणीकडं आहे ते कळत नाही. जीप दहा पावलं सरकली की दुसरा ठिपका पडतो. पहिल्यापासून दुसऱ्याकडं रेघ ओढली की झाली दिशा."

"म्हंजी जो उबा हाय, त्येची दिशा वरच्याला कळत न्हाई."

"नाही कळत. म्हणून उभं असताना याला विचारायचं." तिनं काचेच्या मागं बोट लावलं. "इथं नखाएवढं होकायंत्र आहे."

"आन् बोगद्यात? तितं ना वरचा दिसत, ना काय."

"बोगद्यात तिसरा गडी. त्याला उत्तर-दक्षिण काही माहीत नाही, पण गाडी किती वळली ते बरोबर कळतं. आत शिरताना तोंड कुठं होतं ते लक्षात ठेवायचं, चाकांचे फेरे मोजायचे आणि वळणं त्यात मिळवत जायचं."

रतन हसला. "लाइट गेल्यावर आमी घरात चालतो तसं. दारापास्नं चार पावलं, मंग उजव्या हाताला माट."

"अगदी तसंच आबा! पण दारात उभं असताना तोंड कुठं होतं ते आधी बरोबर पाहिजे."

"न्हायतर पाण्याऐवजी चुलीत हात."

ती मनापासून हसली. रंगमंचावर दिवे गेले की नटही असाच पावलं मोजत विंगेत शिरतो, आणि पहिलंच पाऊल चुकलं तर थेट पडद्याच्या दोरीत अडकतो. रतनला नाटकातलं काही ठाऊक नव्हतं. पण आपल्या बोलण्यावर कुणीतरी हसलं, एवढं त्याला पुरलं.

दिवसांना रीत आली. सकाळी शाळेच्या मागच्या माळावर जीप गोल गोल फिरवायची. त्या फेऱ्यांमध्ये होकायंत्र जीपच्या लोखंडाची सवय करून घेतं, असं ती सांगायची. मग खिंड चढून लोणावळा, तिथून एक्सप्रेस-वेनं कामशेतचा बोगदा, आणि फिरून पवनानगर. वाटेत ठरलेल्या तिठ्यांवर थांबायचं आणि बाण बघायचा. दुपारी लोहगडवाडीत मारुतीच्या टपरीवर चहा. पर्यटकांच्या गाड्या थांबवून मारुती त्यांना भजी खायला घालायचा. अनघाला बघून तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "रतनभाऊ, आज पुढच्या सीटवर मानूस! सुतार गावला वाटतं."

रतन रोज दोन माणसांच्या भाकरी करू लागला. पावट्याची आमटी, ठेचा. अनघा ठेच्यानं डोळ्यांत पाणी आणायची आणि तरी मागायची. ती विचारायची, हा डोंगर कुठला, त्या पाण्याखाली काय होतं, तुम्ही शाळेत कितवीपर्यंत होता. तीन वर्षांत इतके प्रश्न त्याला कुणी विचारले नव्हते. स्टँडवर लोक एकच विचारतात, कधी सुटणार?

एकदा तिनं विचारलं, "आबा, वळणावर तुमचा हात खाली का जातो?"

"सवय," तो म्हणाला.

यंत्र मात्र चुकत होतं. सकाळी माळावर बाण शहाण्यासारखा वागायचा. खिंड ओलांडून पुढं तिठ्यावर थांबलं की बिघडायचा. जीपचं तोंड तुंग किल्ल्याकडं, तर बाण तिकोन्याकडं. गाडी दहा पावलं हलली की वरचा ठिपका मिळून बाण ताळ्यावर यायचा. थांबलं की पुन्हा भरकटायचा, आणि दर वेळी वेगळ्या बाजूला.

"रुग्णवाहिका नेमकी तिठ्यावरच थांबते आबा," अनघा म्हणाली. "नवखा ड्रायव्हर तिथंच बाण बघणार. तिथंच हा चुकीचा रस्ता दाखवणार."

चौथ्या दिवशी तिनं जीप रिकामी केली. जॅक, पाना, स्टेपनी, पाण्याची स्टीलची बाटली, मागच्या बाकाखालची साखळी, सगळं मारुतीच्या टपरीत ठेवलं. "आणखी काही लोखंड आहे का आबा?"

रतननं मनापासून विचार केला. "जीपच लोखंडाची हाय ताई."

खणातलं गाठोडं त्याच्या मनात आलंच नाही. त्याच्या लेखी ते सामानच नव्हतं. आणि अनघाला दिसला तो गोधडीचा तुकडा. गाड्या पुसायला ड्रायव्हर लोक असली फडकी ठेवतात, हे तिला ठाऊक होतं.

दुपारी बाण पुन्हा चुकला. तिचा चेहरा उतरला. तरी संध्याकाळी निघताना तिनं रतनचा मोबाइल घेतला आणि त्यात होकायंत्र घालून दिलं. "घ्या, तुम्हाला खेळायला."

घरी आल्यावर रतननं गाठोडं फोटोपुढं ठेवलं आणि पोरासारखा मोबाइल घेऊन बसला. दारातून समोर पाण्यापलीकडं सूर्य टेकला होता. मावळतीकडं तोंड केलं, मोबाइलनं पश्चिम दाखवली. शाबास! चुलीकडं वळला, तेही बरोबर. मग चिमाबाईला दाखवावं म्हणून त्यानं मोबाइल फोटोपुढं धरला.

आणि काटा फिरला.

त्यानं हात मागं घेतला. काटा जागेवर आला. पुढं नेला, काटा पुन्हा वळला. त्यानं गाठोडं जरासं कलंडवलं, तसा काटाही कलंडला. त्यानं गाठी सोडल्या. युनिटच्या पाठीला टाचणी लावली तर चिकटून बसली. आवाज काढायला आत लोहचुंबक असतं, हे त्याला जन्मभर माहीत होतं. कर्णा जोडताना कितीदा तरी स्क्रू त्याला चिकटायचे आणि चिमाबाई ते नखानं काढायची.

सकाळी माळावर होकायंत्र एक सवय करून घेणार, आणि खिंडीत गाठोडं कूस बदलणार. ती सवय तिथंच मोडणार. अनघानं केलं ते सगळं बरोबर होतं.

मोबाइल हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. सूर्य गेला. उद्या सकाळी सांगितलं की काम फत्ते. यंत्र पास. पोरगी दुपारच्या गाडीनं पुण्याला. मग पुन्हा ती सीट, पुन्हा एका माणसाची भाकरी.

"परवा सांगू," तो फोटोला म्हणाला.

सकाळी त्यानं गाठोडं खणात ठेवलं. रोजच्यासारखंच, पण या वेळी त्याला दिसत होतं की तो ते ठेवतोय.

दोन दिवस असे गेले. अनघा त्याला आपल्या पुण्यातल्या खोलीबद्दल सांगायची. मैत्रीण लग्न होऊन गेली, आता एकटीच. संध्याकाळी बोलायला कुणी नाही म्हणून यंत्राशीच बोलते. रतन ऐकायचा. वळणावर त्याचा हात खाली जायचा, पण आता गाठोडं गरम तव्यासारखं लागायचं. तिठ्यावर जीप थांबली की तो काचेकडं बघायचा नाही. समोरच्या कुंपणाकडं बघायचा.

सातव्या दिवशी मारुतीच्या टपरीवर तिला साहेबांचा फोन आला. ती बाजूच्या कट्ट्यापाशी गेली, पण वारा इकडचाच होता.

"हो राजेंद्र सर... नाही, कारण सापडत नाही. माझंच गणित चुकतंय कुठंतरी... हो, रिपोर्टमध्ये तसं लिहिते. काम दुसऱ्या कुणाला दिलं तरी चालेल... नाही सर, खरंच चालेल."

परत आली तेव्हा तिनं चहाचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "आबा, उद्या यंत्र काढते. दीड वर्ष यावर बसले होते मी. जमत नाही मला."

मारुती भज्यांचा घाणा काढत होता. रतन उभा राहिला, पुन्हा बसला. चिमाबाई एका पोराला डोस चुकला तर भर दुपारी तीन वाड्या पालथ्या घालायची. आणि इथं तिच्याच कर्ण्याच्या डब्यानं एक कष्टाळू पोर खोटी पडत होती, रतनच्या डोळ्यांदेखत. सांगितलं काय, न सांगितलं काय, ती जाणारच होती. फक्त कशी जाणार, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

तो जीपकडं गेला, गाठोडं घेऊन आला आणि तिच्यापुढं कट्ट्यावर ठेवलं.

"ताई, तुमचं गणित बरूबर हाय. ह्यो हाय त्यो चोर. चुंबक हाय आत."

तिनं गाठ सोडली. मोबाइल जवळ नेला. काटा गरकन फिरला. ती एकदम उजळली, आणि मग हळूहळू विझली.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच ध्यानात आलं म्हणाला असता तर तिनं मिठीच मारली असती.

"तीन दिस झालं."

"तीन दिवस? मी तुमच्यासमोर रडायची बाकी होते आबा!"

"व्हय."

"का?"

रतननं पुढच्या सीटकडं बघितलं, मग आपल्या चपलांकडं. "तुमी ग्येला असता," तो म्हणाला.

ती पायवाटेनं खाली वळणापर्यंत गेली आणि तिथं पाठमोरी उभी राहिली. मारुतीनं भज्यांची बशी रतनपुढं सरकवली आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही. बऱ्याच वेळानं अनघा परत आली.

"उठा. हे गाठोडं इथंच राहू दे. माळावर चला."

फेऱ्या मारल्या. खिंड पुन्हा चढले, पुन्हा उतरले. पहिल्या तिठ्यावर जीप थांबली. बाण जीपच्या तोंडाच्या सरळ रेषेत, एखाद्या पहारेकऱ्यासारखा उभा. दुसऱ्या तिठ्यावर तेच. बोगद्यात शिरले, वरचा आधार गेला, तरी बाण अंधारात पावलं मोजत नीट चालला आणि पलीकडच्या उजेडात बरोबर आपल्या रस्त्यावर बाहेर पडला. अनघानं दोन्ही मुठी वर उचलल्या. रतनकडं बघून हसली, पण ते हसणं पहिल्या दिवसाचं नव्हतं. त्यात थोडं अंतर आलं होतं, आणि ते आपण घातलंय हे त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी टपरीवरून गाठोडं घेताना तिनं विचारलं, "हे होतं काय, आबा?"

त्यानं सांगितलं. चिमाबाई, डोस, कणगीमागचं पोर, पाण्यावरून परत येणारा आवाज, सगळं. ती गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. "मला आधीच सांगितलं असतंत तर मी ऐकायला एक दिवस जास्त राहिले असते," ती म्हणाली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तिनं काच काढली. डॅशबोर्डवर डिंकाचा चौकोनी डाग राहिला. स्टँडवर निरोप घेताना रतन म्हणाला, "ताई, तुमच्या त्या रिपोर्टात तिचं नाव घालाल का? चिमाबाई म्हनून. चुंबक कुनाचं हुतं त्ये."

अनघानं क्षणभर विचार केला. तीही खोटं बोलली नाही. "रिपोर्टमध्ये माणसांची नावं नसतात आबा. 'बाहेरचं चुंबक काढल्यावर दिशा बरोबर', एवढंच लिहितात."

"ऱ्हाऊ द्या मंग."

ती वाकून पाया पडली. एसटी वळणाआड गेली तरी तो उभाच होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी रतननं गाठोडं उचललं. आता जीपमध्ये चुकणारं कोणी नव्हतं, खुशाल ठेवता आलं असतं. उंबऱ्यापर्यंत गेला, थांबला, आणि माघारी येऊन ते फोटोपुढं ठेवलं. त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं का ते. जे सामान कुणाला सांगता येत नाही, ते गाडीत नको, असं काहीतरी.

स्टँडवर झुंबरबाई शेंगांची पाटी घेऊन आल्या आणि सवयीनं मागच्या दाराकडं वळल्या.

"मावशी," रतन म्हणाला, "पुढं बसा."

"आं? सीट दुरुस्त क्येली?"

"व्हय."

म्हातारी चढून बसली, पाटी मांडीवर घेतली आणि सुनेची कथा सुरू केली ती थांबेना. रतन हूं हूं करत होता. धुकं पाण्यावरून उठून रस्त्यावर आलं होतं. धरणाच्या पुढचं मोठं वळण आलं. त्याचा डावा हात आपोआप खाली गेला, खणात. थंड लोखंड हाताला लागलं. हात तिथंच राहिला, वळण संपेपर्यंत.

झुंबरबाई सुनेला सोडून त्याच्याकडं बघू लागल्या. "काय हुडकतुयास रं?"

"काय न्हाई मावशी," रतन म्हणाला आणि हात वर घेतला. "वळान हाय."